वजन, आळस आणि जिवाणू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, आत गेलेल्या कॅलरी वजा खर्च झालेल्या कॅलरी, एवढंच वजनाचं गणित. चयापचय आणि आतड्यातले जिवाणू या आळशी माणसांच्या सबबी, आणि माझ्या लेखाने त्या आयत्या हातात दिल्या.

गणित मला मान्यच आहे. शिवाय "मी फारसं खातच नाही" असं मनापासून सांगणाऱ्या दहा लठ्ठ व्यक्तींची नीट मोजदाद १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या आपलं खाणं जवळपास निम्म्याने कमी सांगत होत्या आणि त्यांचा चयापचय ठीक होता. तेव्हा तुमची शंका अगदीच निराधार नाही.

पण गणित जुळतं म्हणून कारण कळतं असं नाही. कॅनडातला १९९० चा प्रयोग बघा. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या. १०० दिवसांपैकी ८४ दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त, तेही सतत देखरेखीखाली. शेवटी एकाचं वजन ४.३ किलोने वाढलं, तर दुसऱ्या एकाचं १३.३ किलोने. जास्तीचं खाणं सगळ्यांना सारखंच मोजून दिलेलं! आणि जुळ्या भावांचे आकडे एकमेकांच्या बरेच जवळ होते. या तिपटीच्या फरकात आळस कुठे बसवायचा, ते मला खरंच सांगा.

वजन उतरवल्यावरची गोष्ट तर जास्त जिव्हारी लागते. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. त्यांच्या शरीराच्या मानाने विश्रांतीत जेवढी ऊर्जा खर्च व्हायला हवी, त्याहून रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च होत होत्या. म्हणजे त्याच वजनाच्या दुसऱ्या माणसाला जे जेवण पुरतं, तेच यांच्या अंगावर चढणार. अशा माणसाला "तोंडावर ताबा ठेव" म्हणणं मला क्रूर वाटतं.

जिवाणूंबद्दल मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. एक लठ्ठ आणि एक सडपातळ अशा जुळ्यांच्या विष्ठेतले जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तेव्हा लठ्ठ भावंडाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांत चरबी जास्त साठली, हे खरं आहे. पण सडपातळ दात्यांचे जिवाणू कॅप्सूलमधून माणसांना दिले, त्या छोट्या चाचण्यांत वजन काही उतरलं नाही. मी उंदरांवरून थेट माणसांवर उडी मारली. ती चूक माझी, तो परिच्छेद आज बदलते.

उरला आहार. २०१९ च्या चाचणीत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. कॅलरी, साखर, मेद, मीठ, तंतू दोन्ही ताटांत सारखे, आणि हवं तेवढं खायची मुभा. पहिल्या प्रकारात तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. दोन आठवड्यांत माणसाची इच्छाशक्ती बदलत नाही, बदललं होतं फक्त ताट.

माझा परिच्छेद मी दुरुस्त करतेच आहे. 'आळशी' हा शब्द तुम्हीही मागे घ्याल का?