विलेमस्टाडचे आठ तास

क्रूझवरून उतरणाऱ्याला बंदराचे गाव कधीच कळत नाही, असे माझ्या ओळखीतली अनेक प्रवासी मंडळी ठामपणे सांगतात. जानेवारीत आमचे जहाज कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटाच्या विलेमस्टाड बंदराला लागेपर्यंत माझेही मत तेच होते. आता मला वाटते की आठ तास कमी नसतात. त्यांतले पाच आपण वातानुकूलित बसमध्ये आणि कुठल्या ना कुठल्या रांगेत काढतो, म्हणून ते कमी पडतात.

आदल्या रात्री जहाजावर सहलींची जोरदार विक्री चालू होती. किनाऱ्यावरची आरामखुर्ची, डॉल्फिन आणि ‘रंगीत शहराची धावती भेट’ असा सगळा बेत माणशी शंभर डॉलरच्या घरात जात होता. पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन आम्ही पायीच जायचे ठरवले, ते खरे तर निम्मे कंजूषपणामुळे. जहाज रिफ किल्ल्याजवळच्या मोठ्या धक्क्यावर लागते आणि तिथून गाव दहा मिनिटांवर आहे. एवढी सोय असताना बस कशाला हवी, हे मला अजून समजलेले नाही.

विलेमस्टाड समजून घ्यायचे असेल तर पुलापासून सुरुवात करावी. गावाच्या मधून सेंट अॅना खाडी आत शिरते. तिच्या पूर्वेला पुंडा ही 1634 मध्ये स्पॅनिशांकडून बेट घेतलेल्या डचांनी वसवलेली जुनी पेठ आहे आणि पश्चिमेला ओत्रोबांडा, म्हणजे शब्दशः ‘पलीकडची बाजू’. आपल्याकडे नदीकाठच्या गावांत ज्याला पल्याड म्हणतात तेच. दोन्हींना जोडणारा एम्मा राणीचा पूल 1888 चा असून तो खांबांवर उभा नाही, होड्यांवर तरंगतो. मोठे जहाज आत यायचे झाले की घंटा वाजते आणि अख्खा पूल एका टोकाशी बांधलेल्या फाटकासारखा वळून काठाला लागतो. पुलावर नारिंगी झेंडा असेल तर थोडा वेळ थांबायचे आणि निळा असेल तर बराच वेळ.

या पुलावर पूर्वी टोल होता: पायात जोडे असतील तर दोन सेंट, अनवाणी माणसाला माफ. हेतू गरिबांना सवलत देण्याचा होता, पण परिणाम उलटाच झाला असे सांगतात. गरीब माणसे अब्रूसाठी उसने जोडे घालून पैसे भरत आणि खिशात पैसे असणारे जोडे हातात घेऊन फुकट जात. ही कथा थोडीफार रंगवलेली असेलही, तरी माणसांच्या स्वभावाबद्दल ती खोटे बोलत नाही. बाबांनी ती ऐकताच पुलाच्या मध्यावर चपला काढून हातात घेतल्या. टोल बंद होऊन नव्वदेक वर्षे झाली, हे सांगूनही त्यांनी त्या घातल्या नाहीत.

पुलावरून समोर दिसते ती हांडेल्सकाडेची पिवळी, निळी, गुलाबी घरांची रांग, आणि जहाजावरचे नव्वद टक्के फोटो तिचेच असतात. 1817 च्या सुमारास पांढऱ्या भिंतींच्या झळाळीने आपले डोके दुखते म्हणून गव्हर्नरने घरे रंगवायला लावली आणि पुढे रंगाच्या व्यापारात त्याचीच भागी निघाली, अशी एक आख्यायिका प्रत्येक वाटाड्या सांगतो. 1997 पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. रांग सुंदर आहेच, परंतु मला खटकते ते असे की तिच्या सौंदर्यापाशी सगळ्यांची सहल संपते, आणि ही घरे कशाच्या पैशावर उभी राहिली हे कोणी विचारत नाही.

सतराव्या शतकात डच वेस्ट इंडिया कंपनीने या बेटाला गुलामांच्या व्यापाराचे मोठे ठाणे केले; आफ्रिकेतून आणलेली माणसे इथून स्पॅनिश वसाहतींना विकली जात. 17 ऑगस्ट 1795 रोजी केनेपा मळ्यावरच्या गुलामांनी तुला नावाच्या आपल्याच एका सोबत्याच्या नेतृत्वाखाली काम नाकारले. त्याचा युक्तिवाद वकिलाला शोभेल असा होता: फ्रान्सने आपल्या गुलामांना मुक्त केले आहे आणि हॉलंड आता फ्रान्सच्या ताब्यात आहे, मग आम्ही अजून गुलाम कसे? 3 ऑक्टोबरला त्याला हालहाल करून मारण्यात आले. गुलामगिरी संपायला 1863 उजाडले आणि डच सरकारने तुलाचा मान अधिकृतपणे परत दिला तो 2023 मध्ये. ज्या किनाऱ्यावर त्याला मारले तिथे बेड्या तोडणाऱ्या माणसांचे शिल्प आहे. सकाळी उन्हे चढण्याआधी आम्ही धक्क्यावरून पश्चिमेला चालत तिथे गेलो, तेव्हा जहाजावरच्या हजारोंपैकी आमच्याखेरीज तिथे कोणीही नव्हते.

पुंडात 1732 चे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे आणि त्याच्या जमिनीवर वाळू पसरलेली आहे. पोर्तुगाल-स्पेनमध्ये ज्यू लोक चर्चच्या धर्मसमितीच्या (इन्क्विझिशनच्या) भीतीने लपून प्रार्थना करताना पावलांचा आवाज दाबण्यासाठी वाळू टाकत, त्याची ही आठवण, असे एक कारण सांगितले जाते. 1560 मध्ये तीच धर्मसमिती गोव्यातही बसली होती, हे ज्या मराठी माणसाला ठाऊक आहे त्याला या वाळूवरून चालताना परके वाटत नाही.

जेवणासाठी मी प्लासा बिऊ सुचवीन. हा जुन्या मंडईतला भटारखाना आहे. मोठमोठी पातेली, लांब बाकडी आणि गावातले नोकरदार. बकऱ्याच्या रश्श्यासोबत फुंची, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, मिळते. आई शाकाहारी असल्यामुळे तिने फुंची आणि तळलेली केळी घेतली आणि भेंडीच्या ‘गियाम्बो’ सुपाकडे आशेने पाहिले. त्यात खारवलेले मांस आहे असे कळल्यावर, भेंडीचे असे कोणी करते का, म्हणून ती बराच वेळ हळहळत होती. फलकावर मात्र तिला ‘बटाटा’ सापडला. पापियामेंतु या इथल्या भाषेत पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकी शब्द एकत्र नांदतात, आणि बटाट्याला ती बटाटाच म्हणते. पोर्तुगीजांनी तो शब्द आपल्याकडेही पोहोचवला. 2007 पासून ती बेटाची अधिकृत भाषा आहे. दुकानदार आमच्याशी इंग्रजीत, शेजाऱ्याशी पापियामेंतुत आणि फोनवर डचमध्ये बोलत होता. पुंडातल्या एका सिंधी दुकानात आम्हाला हिंदीही मिळाली, आणि बाबांनी तिथे उल्हासनगरचा विषय काढल्यामुळे आमची वीस मिनिटे गेली.

क्रूझमुळे गावाचे भले होते की नाही, यावर मला सरसकट मत देता येत नाही. खाडीच्या आतला तेलशुद्धीकरण कारखाना दशकानुदशके बेटाचा पोशिंदा होता, 2019 नंतर तो थंडावला, आणि त्याच वर्षी व्हेनेझुएलाने सागरी सीमा बंद केल्याने तिथून येणाऱ्या होड्यांवरचा फळबाजारही ओस पडला. अशा गावाला आमचे डॉलर नकोत, असे म्हणणे भरल्या पोटीचे आहे. मात्र जहाजावर आगाऊ भरलेल्या शंभर डॉलरपैकी गावाच्या हाती किती पडतात याची मला शंका आहे, आणि प्लासा बिऊच्या बाईंच्या हातात दिलेल्या पैशांबद्दल ती नाही.

परतताना घंटा वाजली आणि निळा झेंडा चढला. जहाज सुटायला तासभर उरला होता आणि पूल आमच्या डोळ्यांदेखत दूर वळत गेला. आईच्या तोंडचे पाणी पळाले. लोक मात्र शांतपणे काठावरच्या फेरीबोटीकडे निघाले होते, म्हणून आम्हीही त्यांच्या मागे गेलो. बाबांनी खिशातून दोन डॉलर काढून खलाशापुढे धरले. त्याने हसून मान हलवली. पूल उघडा असताना बोट सगळ्यांना फुकट असते. बाबांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा आपल्या पायांतल्या चपलांकडे पाहिले आणि नोट घडी करून खिशात ठेवली.