अट घालून दिलेला मान

२०२५च्या मे महिन्यातले, भारत-पाकिस्तान लढाईचे ते चार दिवस मी इथून, इंग्लंडातल्या स्विंडनमधून, सारखी साताऱ्याला फोन लावत होते. माझा पुतण्या मिलिटरीत आहे. त्याचं युनिट तेव्हा कुठे होतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते विचारायचं नसतं हे वहिनीच्या अंगवळणी पडलेलं. कारगिलच्या वेळी दादा काश्मीरमध्ये होता, तेव्हापासून. ती एवढंच म्हणायची, “त्याचा फोन लागत नाही गं. तू जेवलीस का?”

त्याच वेळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुणे, न्यू जर्सी आणि लंडनहून मेसेजचा मारा चालला होता. आता माघार नाही, एकदाचा सोक्षमोक्ष लावा, लाहोर घ्या. त्या ग्रुपवर घरचं माणूस वर्दीत असलेली दोनच घरं आहेत. दोन्ही गप्प होती. १० मेला लढाई थांबली तेव्हा वहिनी फोनवर हमसून हमसून रडली. ग्रुपवर मात्र ‘कच खाल्ली’ सुरू झालं. तिकडे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री आणि त्यांच्या मुलीवर लोक असे तुटून पडले की मिस्रींना आपलं ‘एक्स’वरचं खातं कुलूपबंद करावं लागलं.

त्याआधीचं तर मला अजून विसरता येत नाही. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यात नौदलातला एक तरुण अधिकारी होता, लग्नाला आठवडाही झाला नव्हता. त्याच्या देहाशेजारी बसलेल्या बायकोचा फोटो बघून सगळा देश हळहळला. १ मेला, त्याच्या वाढदिवशी, कर्नालला रक्तदान शिबिर होतं. तिथे ती म्हणाली, मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी आणि न्याय हवा. तेवढ्यावरून तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते मला इथे लिहवत नाही. राष्ट्रीय महिला आयोगाला त्याचा निषेध करावा लागला.

फौजीच्या घराला आपण मान देतो, पण अट घालून. तुम्ही रडा, तिरंगा छातीशी धरा, आम्ही तुमच्या पाया पडू. फक्त आमच्या मनातलंच बोला. मला हे फार क्रूर वाटतं.

मी २००८ साली इथे आले. स्विंडनपासून पाच-सहा मैलांवर वूटन बॅसेट नावाचं छोटं गाव आहे. अफगाणिस्तानात मेलेल्या ब्रिटिश सैनिकांचे देह जवळच्या लायनमच्या हवाई तळावर उतरायचे आणि या गावाच्या मुख्य रस्त्यावरून पुढे जायचे. १४ जुलै २००९ला एकाच दिवशी आठ शवपेट्या आल्या. माझ्याबरोबर काम करणारी गोव्याची एक बाई (स्विंडनमध्ये गोंयकार पुष्कळ आहेत) मला तिथे घेऊन गेली. चर्चची घंटा सुरू झाली आणि हजारो माणसांचा आवाज एकदम बंद झाला. काळी उंच टोपी घातलेला माणूस गाड्यांच्या पुढे चालत होता. गाड्या युद्धस्मारकापाशी थांबल्या, म्हाताऱ्या माजी सैनिकांनी हातातले झेंडे जमिनीपर्यंत झुकवले. एका आईने गाडीच्या टपावर गुलाब ठेवला आणि हात काचेवर तसाच धरून राहिली. भाषण नाही, घोषणा नाही. माझ्या मैत्रिणीने क्रूस केला, मी नुसते हात जोडले. आमच्याकडच्या एका अंत्ययात्रेतला फ्लेक्स मला तेव्हा आठवला, त्यावर जवानापेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे होते.

पण त्या शांततेपेक्षा महत्त्वाची गोष्ट मला इथे राहून हळूहळू कळली. त्याच गर्दीत युद्धाला कडवा विरोध असलेली माणसंही उभी होती, आणि ती तिथे का आली असं त्यांना कुणी विचारलं नाही. टॉमस कीज हा लष्करी पोलिसातला मुलगा जून २००३मध्ये इराकमध्ये मारला गेला, एकविसावा वाढदिवस चार दिवसांवर असताना. त्याचे वडील रेग कीज २००५च्या निवडणुकीत थेट पंतप्रधान ब्लेअर यांच्या मतदारसंघात उभे राहिले. चार हजारांवर मतं पडली. निकालाच्या रात्री ते मंचावरून मुलाबद्दल बोलत होते आणि ब्लेअर मागे उभे राहून ऐकत होते. आपल्याकडे असा बाप उभा राहिला तर काय होईल, हा विचार मी बरेचदा करते.

“लढाई चालू असताना प्रश्न विचारले की जवानांचं मनोबल खचतं,” असं माझा पुण्याचा मावसभाऊ म्हणतो. युनिटच्या हालचाली, डावपेच यांबद्दल गप्प राहायलाच हवं, त्यात वाद नाही. पण स्टीव्हन रॉबर्ट्स या ब्रिटिश सार्जंटला तुटवड्यामुळे आपलं चिलखती जाकीट परत द्यावं लागलं आणि मार्च २००३मध्ये तो इराकमध्ये मेला. त्याने टेपवर बोलून ठेवलेल्या तक्रारी बायकोने जगाला ऐकवल्या. ती गप्प बसली असती तर कुणाचं मनोबल वाढलं असतं?

इंग्रजांचं सगळं थोर आहे असं मी मुळीच म्हणत नाही. बसऱ्यातल्या हॉटेलात काम करणारा बहा मूसा सप्टेंबर २००३मध्ये ब्रिटिश सैनिकांच्या कोठडीत मेला, अंगावर ९३ जखमा होत्या. त्याचे वडील इराकी पोलिसात कर्नल होते. तेही वर्दीतल्या माणसाचंच घर, पण त्यांच्यासाठी कुठल्या गावाने घंटा वाजवली नाही. सार्वजनिक चौकशीचा अहवाल यायला २०११ उजाडलं. शिवाय प्रश्न विचारणं ही काही विलायती गोष्ट नाही. कारगिलची लढाई २६ जुलै १९९९ला संपली आणि तीनच दिवसांत के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, कुठे चुकलं हे शोधायला. देश त्याने दुबळा झाला नाही. उलट १९६२च्या पराभवाचा हेंडरसन-ब्रुक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही.

आमच्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं गेली. हे युद्ध कुणाचं, कशासाठी, असं विचारण्याची सोय त्यांच्या बायकांना नव्हती. आजच्या बायकांना ती आहे, आणि ती आपणच काढून घेतो आहोत, त्याही देशप्रेमाच्या नावाखाली.

पुतण्याचा फोन ११ तारखेला आला. “बरा आहे,” एवढंच बोलला. त्या रात्री वहिनीने मला पुन्हा फोन केला. मला वाटलं त्याच्याबद्दल बोलेल. तर म्हणाली, “त्या कर्नालच्या पोरीला पत्र लिहावं म्हणते. मला हिंदी नीट लिहिता येत नाही. मी मराठीत सांगते, तू लिहून देशील?”