रबराच्या कपाळाची बदनामी

विज्ञानकथा मालिकांवरचा एक मजकूर अलीकडे बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या टीव्हीवरचे एलियन म्हणजे नटाच्या कपाळावर चिकटवलेलं रबर, निव्वळ कल्पनादारिद्र्य. खरा वाटणारा परग्रहवासी कंप्युटर आल्यावरच शक्य झाला. आणि तो माणसापासून जितका वेगळा, तितका जास्त पटतो.

आधी कपाळाचं बघू. रबर तिथेच का चढतं? डोळे आणि तोंड मोकळे राहावेत म्हणून. नटाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यावर बेतून फोम लॅटेक्सचा, म्हणजे स्पंजासारख्या मऊ रबराचा, तुकडा तयार करायचा आणि त्याच्या कडा इतक्या पातळ ठेवायच्या की कातडी कुठे संपली ते कॅमेऱ्याला कळू नये. कपाळावर जाड थर खपतो. तोच ओठांभोवती आणि पापण्यांवर चढवला, तर अभिनय गिळून बसतो. शिवाय या नाजूक कडा काढताना फाटतात, म्हणजे पुढच्या शूटिंगला नवा तुकडा. दर आठवड्याला भाग द्यायचा असतो तेव्हा हा सगळा हिशोब करावाच लागतो. त्याला दारिद्र्य म्हणणाऱ्याने एकदा मेकअपच्या खुर्चीत बसून बघावं.

बरं, 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या क्लिंगॉन या लढवय्या परग्रही जमातीला 1967 साली ते कपाळही नव्हतं. काळपट रंग आणि दाढीमिशा, बस्स. कपाळावरचे उंचवटे 1979 च्या चित्रपटात आले. भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँडने पुढे 1984 च्या चित्रपटासाठी त्यांची भाषा रचली आणि वाक्यात कर्म आधी, मग क्रियापद, कर्ता शेवटी असा मुद्दाम दुर्मीळ क्रम निवडला. 'आंबा खातो मी.' आपल्याकडे हे कवितेत चालून जातं. तिथे रोजचं बोलणंच असं. ही जमात घडवण्यात अशा गोष्टींचा वाटा रबराइतकाच आहे.

कंप्युटरचा मुद्दा तर 21 डिसेंबर 1963 लाच निकालात निघाला होता. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेत त्या दिवशी डालेक, म्हणजे यंत्राच्या कवचात राहणारा परग्रही शत्रू, पहिल्यांदा दिसला, म्हणजे खरं तर दिसलाच नाही. पडद्यावर आला फक्त त्याचा हात, तुंबलेलं सिंक मोकळं करायच्या रबरी पंपासारखा, आणि समोर किंचाळणारी मालिकेतली नायिका बार्बरा. त्या किंकाळीने काम केलं. डिझायनर रेमंड क्युसिकने रचलेल्या, पुढे दिसणाऱ्या यंत्रात पाय दिसत नाहीत, चेहरा नाही. आत बसलेला माणूस पायांनी ते ढकलतो आणि आवाज रिंग मॉड्युलेटर या आवाज बदलणाऱ्या उपकरणातून खरखरत येतो. 

आणि 2019 मध्ये, कंप्युटर हाताशी असताना, 'द मँडलोरियन' या 'स्टार वॉर्स'च्या मालिकेवाल्यांनी ग्रोगू हा छोटा हिरवा परग्रहवासी बाहुलीच केला. तिच्यावर सेटवरचाच प्रकाश पडतो, आणि समोरच्या नटाला बघायला काहीतरी असतं. बाहुली हलवणाऱ्या, चौकटीत आलेल्या काठ्या पुसायला कंप्युटर वापरला. तेही काम महत्त्वाचंच, पण जीव बाहुलीवाल्यांनी ओतला.

राहिला 'जितका वेगळा तितका पटणारा' हा दावा. 'स्टार ट्रेक'मधला 1967 चा होर्टा हा परग्रही प्राणी घ्या. सिलिकॉनचा जीव, खडकातून बोगदे पाडत जाणारा, दिसायला जळक्या गालिच्याचा ढीग. यानोस प्रोहास्काने तो पोशाख बनवला आणि तोच आत शिरून रांगला. याहून वेगळं रूप काय असणार? पण सुरुवातीला तो फक्त खाणकामगार मारणारा राक्षस वाटतो. मग कळतं की कामगार ज्या गोल दगडांचा चुरा करत होते ती त्याची, नव्हे तिची, अंडी आहेत. तिथून तो गालिचा गालिचा राहत नाही. तिची जखम बुजवायला अंतराळयानाच्या डॉक्टरला सिमेंटसारखा गिलावा थापावा लागतो, आणि तो कुरकुरतो की मी डॉक्टर आहे, गवंडी नव्हे. आत प्रोहास्का घामाघूम झाला असेल, हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यातही येत नाही.