धुतोच आहेस तर एवढं पण धू

सर्व्हिस सेंटरच्या बिलावर दर वेळी एक ओळ असते, 'एअर फिल्टर क्लीनिंग', आणि पुढे आकडा. मी तो आकडा इमानेइतबारे भरत आलोय. परवा चढावर गाडी दम टाकायला लागली, प्लग काढून बघितला तर काजळीनं काळाकुट्ट, म्हणून साईड पॅनल उघडून फिल्टरचं झाकण काढलं तर आत कुंभारमाशीनं मातीचं टुमदार घर बांधलेलं. रिकामं. पोरंबाळं मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागलेली. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते, "सर, सिस्टीममध्ये तर क्लीन दाखवतंय." आता सिस्टीमपुढे माझ्या डोळ्यांची काय किंमत.

म्हटलं जाऊ दे, घरीच करू. माझी जुनी कार्ब्युरेटरवाली दीडशे सीसी, फिल्टर फोमचा. तो रॉकेलमध्ये धुवायचा, दाबून निथळायचा (पिळायचा नाही, फाटतो), सावलीत वाळवायचा, मग इंजिन ऑइलमध्ये बुडवून जास्तीचं ऑइल दाबून काढायचं, झालं. कागदी फिल्टरवाल्यांनी माझं ऐकून बादली भरू नये, कागद धुवायचा नसतो, सरळ नवीन टाकायचा.

पण रॉकेल आणायचं कुठून? लहानपणी रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभं राहणं हेच सुट्टीतलं काम असायचं, ते निळं रॉकेल, तो स्टोव्ह, ती पिन, ती पिन स्टोव्हच्या आत मोडल्यावर घरात होणारी भांडणं. आता पुण्यात वाटीभर रॉकेल मागा, लोक तुमच्याकडे असं बघतात की तुम्ही कोणाचं तरी घर पेटवायला निघालाय. हार्डवेअरवाला थिनर देत होता, नको म्हटलं. पेट्रोलनं धू, असा सल्ला देणारे तर पावलोपावली भेटतात, त्यांनी स्वतःच्या पार्किंगमध्ये खुशाल भडका उडवावा. शेवटी टेम्पोवाल्या मित्राकडून डिझेल आणलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जुना पेपर पसरून बसलो आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी आल्या.

"काय रे धुतोस?"

"गाडीचा फिल्टर, आजी. हवा गाळतो."

"गाडीला कशाला हवा?"

इथेच 'असंच' म्हणून गप्प बसायला हवं होतं, पण मला समजावून सांगायची खाज. म्हटलं, एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते, ती सगळी या एवढ्याशा फोममधून जाते, हा चोंदला की पेट्रोल जास्त आणि हवा कमी, मग काळा धूर, अ‍ॅव्हरेज खाली.

"नऊ हजार लिटर!" आजी म्हणाल्या. "आणि आपल्याकडे पाणी एक वेळ येतं."

याला उत्तर नव्हतं. आजी वर गेल्या, मला वाटलं सुटलो. खाली आल्या तेव्हा हातात स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी. तुपट, पिवळी, दोन दिवाळ्यांच्या चकल्यांचा वास येणारी.

"धुतोच आहेस तर एवढं पण धू. तो कंपनीचा माणूस पाचशे घेतो रे."

"आजी, हे डिझेल आहे."

"मग चांगलंच निघेल की."

निघालं. खरंच चांगलं निघालं, याचाच राग जास्त. नंतर भांड्यांच्या साबणानंही धुवायला लावली, वास राहायला नको म्हणून, आणि स्वतः खुर्ची टाकून बसल्या. "कोपऱ्यात राहिलंय. तिथं नाही, इकडे."

संध्याकाळी फोम वाळला, मी वाटीत ऑइल ओतून तो बुडवला तर आजी परत हजर.

"अरे अरे, धुतलेलं परत तेलात का घातलंस?"

"तेल लागतं आजी. त्याला धूळ चिकटते."

"धूळ चिकटते?"

"हो, चिकटलीच पाहिजे. आत इंजिनात जायला नको."

"मग सकाळी होतं काय त्यात?"

"धूळ. आणि तेल."

"ते काढलंस."

"हो."

"आणि आता परत तेल घातलंस. धूळ चिकटायला."

मी मान हलवली. आजींनी लिफ्टपाशी उभ्या असलेल्या देशपांडेकाकूंना हाक मारली, "अगं, इकडे ये, हा काय म्हणतो ऐक." मग वॉचमन आला. आणि मी चारचौघांसमोर, कोपरापर्यंत काळे हात घेऊन, बाणेर रोडच्या धुळीचं शास्त्र समजावतोय. वॉचमनचं मत पडलं की फिल्टर काढूनच टाका, गाडी पळते. म्हटलं, पळते रे, पण ती धूळ सिलिंडर घासत जाते, मग बोअर-पिस्टनचा खर्च तू देणार का? काकू म्हणाल्या, "सर्व्हिसिंगला देत नाही का तुम्ही? तिथं व्यवस्थित करतात."

व्यवस्थित करतात! इथं मला खरंच बोलायचं होतं. पैसे घेऊन झाकणसुद्धा न उघडणाऱ्यांना कोणी एक प्रश्न विचारत नाही, उलट तिथला पोरगा "सर फाइव्ह स्टार द्या ना" म्हणतो आणि आपण देतो, आणि स्वतःच्या रविवारी, स्वतःच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी उघडून बसलेल्या माणसाची मात्र उलटतपासणी. माशीचं घर दाखवायला खिशात जपून ठेवलं होतं, काढलं तर भुगा.

फिल्टर बसवला, गाडी आता चढावर छान उचलते, पण ते कोणी विचारलं नाही. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर आजींचा मेसेज: "पार्किंगमध्ये रविवारी चिमणीची जाळी धुऊन मिळते. मुलगा होतकरू आहे." खाली बारा अंगठे, आणि सातव्या मजल्यावरून विचारणा, स्प्लिट एसीचं जमेल का, की त्यालाही नंतर तेल लावतात?