ईसॉपचा मुहूर्त

साडेतीन मुहूर्त आपल्याला तोंडपाठ असतात. सोनं पाडव्याला घ्यावं, गाडी दसऱ्याला काढावी. पण कंपनीने दिलेले ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाने तिचे शेअर घ्यायचे हक्क (ऑप्शन), एक्सरसाइज कधी करावेत, म्हणजे वापरून शेअर कधी घ्यावेत, हे कुठल्याच पंचांगात सापडत नाही. ती उणीव मी भरून काढतो. पुण्यातल्या एका स्टार्टअपमध्ये पाच वर्षं घासली, डिसेंबरात बाहेर पडलो आणि मार्चात १२ लाख ६५ हजारांची दक्षिणा मोजून हे ज्ञान मिळवलं. तुम्हाला फुकट देतोय.

पहिला मुहूर्त: नोकरी सोडल्यावर. व्हेस्ट होतील तसे, म्हणजे नोकरीची वर्षं भरून हक्क पक्के होतील तसे, भाव कमी असतानाच थोडे थोडे घेत जा, असं कुणी शहाणा सांगेल. ऐकू नका. तेव्हा कर कमी बसतो, त्यात काय पुरुषार्थ? शिवाय अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचे, शेअर हातात आल्यापासून २४ महिन्यांची मोजणी सुरू होते आणि त्यानंतर विकले तर नफ्यावर साडेबारा टक्केच कर पडतो. एवढं स्वस्तात सुटायचं कशाला? राजीनाम्यापर्यंत थांबा. मग एचआरचा गोड मेल येतो, ९० दिवसांत घ्या, नाहीतर लॅप्स. पाच वर्षं ‘आपण सगळे एक फॅमिली’ ऐकलं, आणि घर सोडताना भांडीकुंडी उचलायला तीन महिने.

दुसरा मुहूर्त: व्हॅल्युएशन रिपोर्ट चांगला शिळा झाल्यावर. कंपनी शेअर बाजारात नसेल तर कर लावण्यासाठीचा भाव मर्चंट बँकर ठरवतो आणि त्याचा रिपोर्ट १८० दिवसांपर्यंत जुना चालतो. माझ्या वाट्याला आलेला पाच महिन्यांचा होता, भाव ९००. तोवर कंपनीचा सगळ्यात मोठा ग्राहक गेला होता, निम्मा मजला रिकामा झाला होता, कॉफीचं मशीनसुद्धा भाड्यावाला उचलून घेऊन गेला होता. एचआरला फोन केला.

“नवा रिपोर्ट कधी येणार?”

“सर, प्रोसेसमध्ये आहे.”

“मग तोवर थांबतो.”

“सर, तुमची विंडो १४ मार्चला बंद होतेय.”

जुना रिपोर्ट एप्रिलात बाद होणार होता. मी मार्चात बाद होणार होतो.

आता हिशोब बघा. ऑप्शन ४,०००, घ्यायचा भाव १० रुपये, म्हणजे ४० हजारांत शेअर माझे. उरलेले ८९० रुपये गुणिले ४,०००, असे ३५ लाख ६० हजार हा म्हणे माझा पगार! पर्क्विझिट म्हणतात त्याला, पगारासोबतचा लाभ. माझं एरवीचं करपात्र उत्पन्न २८ लाख. दोन्ही मिळून ५० लाखांच्या वर गेलो, म्हणून १० टक्के सरचार्ज, म्हणजे करावर कर, तोही सगळ्या करावर, खरोखर हातात आलेल्या पगाराच्या करावरसुद्धा. नव्या करप्रणालीने, सेस धरून, जादा कर १२ लाख ६५ हजार. कंपनीचं म्हणणं, आधी आमच्याकडे भरा, मग शेअर देतो. थोडे शेअर विकून भरतो म्हटलं, तर खाजगी कंपनीचे शेअर बाहेरच्याला द्यायला संचालक मंडळाची मंजुरी लागते, आणि मंडळ बसणार होतं १४ मार्चनंतर. बाबा म्हणाले, “अरे, पैसा आलाच नाही तर टॅक्स कशावर?” सीए म्हणाला, “काका बरोबर बोलतायत, पण कायदा तसा नाही.” दोन एफडी मोडल्या. जूनमध्ये नवा रिपोर्ट आला.

भाव ४१०.

भरलेला कर परत येत नाही. उद्या ४१० ला गिऱ्हाईक मिळालंच, तर झालेला तोटा हा भांडवली तोटा. ज्या ९०० ला त्यांनी पगार म्हटलं, त्याच शेअरचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. आठ वर्षं रिटर्नमध्ये वाहून न्यायचा आणि भांडवली नफ्याची वाट बघायची. घेताना पगार, बुडताना भांडवल. वा रे न्याय!

तिसरा मुहूर्त: सरकारी सवलतीच्या भरवशावर. २०२० च्या अर्थसंकल्पाने स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलायची सोय दिली. साधारण पाच वर्षं, किंवा शेअर विकेपर्यंत, किंवा नोकरी सोडेपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. शेवटचं पुन्हा वाचा. शिवाय स्टार्टअप म्हणून नुसती नोंदणी पुरत नाही, आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. आमच्या रिसेप्शनला नोंदणीचं सर्टिफिकेट छान फ्रेम करून लावलं होतं. दुसरं नव्हतं.

उरला अर्धा मुहूर्त, तो लिस्टेड कंपनीवाल्यांचा. तुमचं नाव डेझिग्नेटेड पर्सनच्या, म्हणजे कंपनीची आतली माहिती हाती येऊ शकणाऱ्यांच्या, यादीत असेल तर तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तास होईपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद. त्या काळात ऑप्शन घेता येतात, शेअर विकता येत नाहीत. कर मात्र घेतल्या दिवसाच्या भावाने. म्हणून अर्धा.

परदेशी कंपनीचे शेअर असतील तर रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायला विसरा, दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो.

अनलिस्टेड शेअर बाळगून आयटीआर-१ हा साधा रिटर्न फॉर्म भरा, नोटीस घरपोच येईल.

बास. आता सरळ बोलतो, कारण हसू येईनासं झालंय. एचआरवाल्यांनो, ते ९० दिवस कुठल्या कायद्यात लिहिलेले नाहीत, तुमच्या स्कीममध्ये तुम्ही लिहिलेत. काही स्टार्टअप सोडून गेलेल्यांना कित्येक वर्षांची मुदत देतात, ती काय धर्मशाळा आहेत? ऑफर देताना हेच ऑप्शन फुगवून सीटीसीत मोजलेत ना? मग जाणाऱ्याला नवा रिपोर्ट येईपर्यंत थांबवायला काय झालं होतं? आणि दिल्लीतल्या साहेबांनो, शेअर विकला की कर घ्या, कोण नाही म्हणतंय! पैसा हातात येण्याआधी कर आणि पैसा बुडाल्यावर हात वर, याला सवलत म्हणू नका.

आणि तुम्ही, “आमच्याकडे असं नाही” म्हणत हे वाचणारे. स्कीम वाचलीय का कधी? ग्रँट लेटर, म्हणजे ऑप्शन दिल्याचं पत्र नव्हे, सगळे नियम असलेली स्कीम. आमची २२ पानांची होती, ९० दिवसांचं कलम सतराव्या पानावर. मी गाढवाने ते राजीनामा दिल्यावर पहिल्यांदा वाचलं. आज रात्री मागवून घ्या. रिपोर्टची तारीखही विचारा, आणि “प्रोसेसमध्ये आहे” असं उत्तर आलं तर ते मेलवर लिहून मागा.