गाडी आपली, रिकॉलचा मेसेज जुन्या मालकाला

मागच्या महिन्यात माझा भाचा कराडहून चिपळूणला निघाला होता. कुंभार्ली घाट उतरताना पुढच्या ब्रेकची लिव्हर सरळ मुठीला जाऊन टेकली. पुन्हा दाबली, तरी तेच. मागचा ब्रेक आणि खालचे गिअर यांच्या जोरावर त्याने गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली. पोरगं थोडक्यात वाचलं. हे लिहितानाही पोटात गोळा येतोय.

गाडी सेकंडहँड, दीड वर्षापूर्वी घेतलेली. सर्व्हिस सेंटरला नेल्यावर काउंटरवरच्या मुलाने चासी नंबर टाकला आणि म्हणाला, "दादा, या गाडीला रिकॉल आहे. मास्टर सिलिंडर बदलायचा राहिलाय. मेसेज गेलाय की तुम्हाला."

रिकॉल म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं, आणि मास्टर सिलिंडर म्हणजे लिव्हर दाबली की ब्रेकच्या तेलावर दाब देणारा भाग. त्याचा मेसेज गेला होता पहिल्या मालकाला. भाच्याने त्यांना फोन केला. ते म्हणाले, "आला होता खरा, पण गाडी विकली होती, म्हणून लक्ष दिलं नाही." त्यांना तरी काय बोलणार? नवा पार्ट पाऊण तासात बसला, तोही फुकट. एवढ्याशा कामावाचून पोरगं घाट चढत-उतरत होतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. रिकॉल काढला म्हणून मी कुणालाच नावं ठेवणार नाही, दोष दाबून ठेवण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. डिसेंबर 2021 मध्ये रॉयल एनफिल्डने (भाच्याची गाडी या कंपनीची नाही) क्लासिक 350 च्या 26,300 गाड्या परत बोलावल्या होत्या. 1 सप्टेंबर ते 5 डिसेंबर 2021 या काळात बनलेल्या, मागे ड्रम ब्रेक असलेल्या. दोष होता मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, म्हणजे स्विंगआर्मला, जोडलेल्या एका ब्रॅकेटमध्ये. ड्रम ब्रेक दाबला की शू ड्रमला धरतात आणि चाकाबरोबर ब्रेकची प्लेटही फिरायला बघते. तिला जागेवर धरून ठेवायचं काम या ब्रॅकेटचं. पेडलवर फारच जोराचा दाब आला तर तो खराब होऊन ब्रेकची पकड कमी होण्याची शक्यता होती. हाताच्या पंजात मावेल असा लोखंडाचा तुकडा, पण त्यावर माणसाचा जीव.

त्या गाड्या आता जुन्या बाजारात येण्याच्या वयाच्या झाल्यात. एखादीचं काम राहून गेलं असेल, तर ती घेणाऱ्याला कोण सांगणार?

कायदा आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आलं, सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. पण खरी गळती गाडी हातून हाती जाते तिथे आहे. आरटीओत गाडी नावावर करताना फॉर्म 29, फॉर्म 30, विमा, पीयूसी सगळं मागतात. थकलेलं चलनसुद्धा बघतात. दोनशे रुपयांचं चलन स्क्रीनवर दिसतं, तर त्याच गाडीचा ब्रेक बदलायचा राहिलाय हे का दिसू नये? नाव बदललं की नव्या मालकाचा नंबर कंपनीकडे आपोआप गेला पाहिजे आणि रिकॉल बाकी असेल तर काम झाल्याशिवाय गाडी नावावर होता कामा नये. यात दोन दिवस जास्त गेले तरी जाऊ देत.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांनी जुनी गाडी घेतलीय त्यांना हात जोडून विनंती, चासी नंबर आरसीवर असतो, हँडलच्या मानेवरही ठोकलेला असतो. तो घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि रिकॉल बाकी आहे का एवढंच विचारा. आणि ज्यांनी गाडी विकलीय, त्यांना असा मेसेज आला तर कृपा करून घेणाऱ्याला पुढे पाठवा.