मत आमचं, उड्या यांच्या

दादरच्या पुलाखाली तोच फ्लेक्स, आमच्या खासदाराचा तोच चेहरा, फक्त पक्ष बदललेला. जुन्या पक्षाच्या चिन्हावर नव्याच्या चिन्हाचा कागद डकवलाय, तोही एका कोपऱ्यातून सुटलेला. डोकंच फिरलं! एप्रिल 2019 मध्ये आईचा हात धरून, घाम पुसत रांगेत उभे राहिलो ते यासाठी?

1985 ला पक्षांतरबंदीचा कायदा आला, म्हणजे पक्ष सोडला की खासदारकी जाणार. पक्षाचे एक-तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर मिळणारी सवलत 2003 ला काढली, पण दोन-तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट उघडीच ठेवली.

जायचंय ना? खुशाल जा. पण आधी खासदारकी सोडा, पुन्हा आमच्या दारात या. आई विचारते, "मग आपलं मत गेलं कुठे रे?" काय सांगू तिला?